व्हाळाचे माप व्हाळातच घ्यावे

गोव्यातील डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत लोहखनिज काढायचे, तर टनामागे अडीच-तीन टन माती आधी बाजूला करावी लागते. तिचे डंप उतारावर उभे राहतात. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला, की पंप लावून पाणी उपसावे लागते. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा! अशा प्रदेशात डंपची माती आणि उपशाचे पाणी व्हाळात, म्हणजे ओढ्यात, उतरते, तिथून शेतात आणि नदीत जाते. खांडेपार नदीवर ओपाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे आणि साळावलीच्या धरणावर दक्षिण गोव्याची तहान अवलंबून आहे. म्हणून खाणीच्या पाण्यावरील देखरेख हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. ही देखरेख खाणीच्या पाणी सोडणाऱ्या नळीपाशी थांबते, तोवर व्हाळाची खरी अवस्था कळणार नाही.

देशातील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडलेल्या सांडपाण्यात तरंगत्या घनकणांचे प्रमाण लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. आता हिशेब करू. सेकंदाला १०० लिटर पाणी सोडणारा पंप ही मर्यादा काटेकोर पाळूनही दिवसाला ८६४ किलो गाळ सोडतो, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत शंभर टनांहून अधिक. कागदावर नियम पाळला गेला, पण व्हाळात उतरले ते शंभर टन. शिवाय नमुना कोणत्या दिवशी घेतला, यावरही उत्तर बदलते. डंपची सुटी माती जोरदार सरींत काही तासांत वाहून जाते आणि गाळ बसवण्याचे तलावही तेव्हाच भरून वाहतात. उघडिपीच्या दिवशी भरलेल्या बाटलीत यातले काहीच दिसत नाही.

यासाठी चार गोष्टी एकत्र हव्यात. खाणीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकाच वेळी नमुने घ्यावेत. त्यासोबत प्रवाह मोजावा, कारण प्रवाहाशिवाय गाळाचे वजन निघत नाही. पावसाळ्यात गढूळपणा सतत नोंदवणारी यंत्रे बसवावीत. आणि तळातील गाळ व जीव तपासावेत. गाळातील मँगनीज धरणाच्या तळाशी प्राणवायू संपला, की पुन्हा पाण्यात विरघळते. म्हणजे आज बसलेला गाळ उद्याचा धोका ठरू शकतो. दगडगोट्यांमधल्या फटी बारीक मातीने बुजल्या, की मेफ्लायसारख्या कीटकांच्या अळ्यांचा आसरा जातो आणि माशांचे अन्न घटते. बाटली एका क्षणाची साक्ष देते, तर या अळ्या अनेक आठवड्यांची.

यावर पहिला आक्षेप असा, की जांभ्याच्या प्रदेशात पाणी पावसात तांबडे होणारच. हे खरे आहे, आणि म्हणूनच खाण नसलेल्या, पण तशाच मातीच्या आणि उताराच्या व्हाळाशी तुलना हवी. नैसर्गिक गढूळपणा दोन्हीकडे दिसेल. त्याहून जास्त जे असेल, त्याचे उत्तर खाणीने द्यावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण गढूळपणाची नळी स्वस्त असते आणि गावातील शाळकरी मुलेही ती वापरायला शिकू शकतात. तिच्या नोंदी प्रयोगशाळेतील मोजमापांशी अधूनमधून ताडून पाहिल्या, की त्या विश्वासार्ह ठरतात. खाण बंद असली, तर मोजायचे कशाला, हा तिसरा प्रश्न. डंप आणि पाण्याने भरलेले खड्डे तिथेच असतात. पाऊस त्यांना सुटी देत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि त्यानंतर गोव्यात खाणकाम थांबले. आता लिलाव झालेले पट्टे टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत. जिथे यंत्रे अजून थांबलेली आहेत, तिथे ती फिरण्याआधीच व्हाळाची पहिली नोंद घेतली पाहिजे. ती पुढे कितीही पैसे मोजले तरी मागे जाऊन घेता येणार नाही. आणि ती व त्यानंतरच्या नोंदी दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर, गावाला वाचता येईल अशा भाषेत लागल्या पाहिजेत. खाणीखालच्या गावांनी येत्या ग्रामसभेत एवढी एकच मागणी लावून धरावी.