कुणापुढे बसावे? : ज्यू प्रवचनपरंपरेतील श्रोत्याची निवड

हरिनाम सप्ताहात कोणते बुवा बोलवायचे हे गावची मंडळी ठरवतात. श्रोता फक्त जाऊन बसतो. ज्यू धर्मपरंपरेत मात्र कुणाचे ऐकायचे हे ठरवण्याचा भार बऱ्याच अंशी श्रोत्यावरच टाकलेला आहे, आणि त्याची चर्चा खुद्द धर्मग्रंथांत झालेली आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाचा मागोवा घेताना मला या चर्चेत विशेष रस वाटू लागला. कोणत्याही विद्यापीठाच्या छत्राखाली न शिकलेल्या माझ्यासारख्याला 'कुणापुढे बसावे' हा प्रश्न रोजचाच असतो.

प्रथम शब्द समजून घेऊ. ज्यूंच्या धर्मव्याख्यानाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. शब्बाथच्या दिवशी सिनेगॉगमध्ये तोरातील त्या आठवड्याच्या भागावर जे प्रवचन होते ते 'द्राशा'. या शब्दाच्या मुळाशी शोध घेण्याचा, विचारणा करण्याचा अर्थ आहे. दुसरा प्रकार 'शिऊर'. या शब्दाचा मूळ अर्थ माप. ग्रंथाचा नेमलेला भाग समोर ठेवून तो ओळीओळीने उलगडायचा, हा शिऊर. आपल्याकडच्या कीर्तन आणि पाठ यांतल्या फरकासारखाच हा फरक आहे. सांगणारा बहुधा रब्बी असतो. पण रब्बी म्हणजे पुरोहित नव्हे, शिक्षक. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये रोमनांनी पाडल्यावर यज्ञ थांबले, पुरोहितांचे काम संपले, आणि अध्ययन हेच धर्माचे केंद्र बनले. पुरोहितपद वंशाने मिळत असे. शिक्षकाला मात्र विद्यार्थ्याने शिक्षक मानावे लागते. 'पिर्के अवोत' या मिश्नाच्या भागात यहोशुआ बेन पेराख्या यांचा उपदेश आहे, त्यात गुरू 'करण्याची' आज्ञा आहे आणि ती शिकणाऱ्याला उद्देशून आहे.

मग पहिला प्रश्न : जावेच का? घरी बसून ग्रंथ वाचला तर काय बिघडले? तालमूदचे पान पाहिले की उत्तर मिळते. मधोमध मूळ मजकूर, त्यात स्वरचिन्हे नाहीत की विरामचिन्हे नाहीत. एका बाजूला ११व्या शतकातील राशी यांचे भाष्य, दुसऱ्या बाजूला 'तोसाफोत' ही नंतरच्या पंडितांची टिपणे. व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्ग यांच्या छापखान्यात १५२० ते १५२३ या काळात संपूर्ण तालमूद छापले गेले, तेव्हापासून ही मांडणी रूढ आहे. वाक्य कुठे संपले, प्रश्न कुठला आणि उत्तर कुठले, हे नवख्याला कळतच नाही. मौखिक परंपरा कागदावर उतरली तरी तिचा आवाज माणसांतच राहिला. म्हणूनच एकट्याने बसून शिकणाऱ्यांवर तालमूदने कडक टीका केली आहे आणि जोडीने शिकण्याची 'हेव्रुता' पद्धत आजही पाळली जाते.

माझ्यासारख्या ज्यू नसलेल्याने जावे का, यावरही तालमूदमध्ये मतभेद आहे. 'सान्हेद्रिन' प्रकरणात रब्बी योहानान यांचे मत परक्याने तोरा शिकण्याच्या अगदी विरुद्ध आहे. रब्बी मेईर यांचे मत असे, की तोरा शिकणारा परका मुख्य पुरोहिताच्या तोडीचा होय. तडजोड अशी निघते, की सर्व मानवजातीला लागू असलेल्या सात आज्ञांचे अध्ययन परक्यानेही करावे. हा वाद वाचल्यावर मी एवढे ठरवले, की जिथे बसायचे तिथे आधी विचारून बसायचे, आणि आपण कोण हे लपवायचे नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक : कुणाचे ऐकावे? 'अवोदा झारा' प्रकरणात याविषयी दोन प्रसंग एकाच पानावर आहेत. एकात दोन विद्यार्थी गुरूपुढे एक ग्रंथ संपवतात. पुढे काय घ्यायचे यावर एकाला नीतिसूत्रे हवीत, दुसऱ्याला स्तोत्रे. स्तोत्रे घेतली जातात. पहिल्याच स्तोत्रावर बोलताना गुरू म्हणतात, की माणूस मन जिथे ओढ घेते तेच शिकतो. हे ऐकताच लेवी नावाचा तो पहिला विद्यार्थी म्हणतो, आपण मला उठायची मुभा दिलीत! कंटाळलेल्या श्रोत्याचे हे उत्तर तालमूदने आदराने जपून ठेवले आहे.

दुसऱ्या प्रसंगात रव हिस्दा शिष्यांना सांगतात, की एक गोष्ट सांगायची आहे, पण ती ऐकून तुम्ही मला सोडून जाल अशी भीती वाटते. गोष्ट अशी, की जो एकाच गुरूपाशी शिकतो त्याच्या विद्येला बरकत येत नाही. शिष्य खरोखरच उठून दुसऱ्या पंडिताकडे गेले. त्या पंडिताने मात्र त्यांना समजावले, की हे तर्क आणि युक्तिवाद शिकण्यापुरते खरे आहे. मूळ पाठ शिकायचा तर एकच गुरू बरा, नाहीतर शब्दांची सरमिसळ होते. पाठ एकाकडे, विचार अनेकांकडे, ही विभागणी मला फार उपयोगी वाटते.

आणि गुरूचे वागणे? 'हगीगा' प्रकरणात म्हटले आहे, की गुरू देवदूतासारखा असेल तरच त्याच्याकडून विद्या घ्यावी. पण वर आलेले रब्बी मेईर तर एलिशा बेन अबुया या धर्मत्यागी पंडिताकडे शिकत राहिले. यावर तालमूदचे उत्तर : मेईर यांनी डाळिंबातले दाणे खाल्ले आणि साल टाकून दिली. मात्र ही सवलत मोठ्यांना आहे, लहानांना नाही. ज्याला दाणा आणि साल वेगळी करता येत नाही, त्याने आचरणाने चोख असलेल्यापुढेच बसावे.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी लागते हे आपल्या कोकणानेच पाहिले आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्राएल पिढ्यानपिढ्या हिब्रू ग्रंथांपासून दुरावले होते. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सामुएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधले. पुढे त्यांच्यासमोर दोन प्रकारचे शिक्षक आले : कोचीनहून आलेले ज्यू आणि ख्रिस्ती मिशनरी. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. हेतू उघड होता. बेने इस्राएलांनी मिशनच्या शाळांत मुले पाठवली, काहींनी तिथे शिक्षकाची नोकरीही केली, हिब्रू घेतले, इंग्रजी घेतले. धर्मांतर करणारे मात्र अगदी थोडे निघाले. दाणे घेतले, साल ठेवली. त्यासाठी प्रकांड पांडित्य लागले नाही. शब्बाथ, सुंता आणि 'शेमा' ही प्रार्थना घरात टिकून होती, तेवढी समज पुरली.

यानंतर त्यांनी आपले शिक्षक आपल्यातूनच घडवले. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. १८८० च्या सुमारास तर बेने इस्राएलांनी चक्क कीर्तन उचलले : अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांत, टाळ-झांजांच्या साथीने. विषय तोराचा, घाट नारदीय. आधी परक्याकडून विद्या घेतली होती. आता शेजाऱ्याकडून सांगण्याची रीत घेतली.

आज अडचण उलटी आहे. पूर्वी शिक्षक मिळत नसे, आता मोजता येत नाहीत. मेईर शापिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्नात 'दाफ योमी'ची कल्पना मांडली : रोज तालमूदचे एक पान, एकूण २,७११ पाने, सुमारे साडेसात वर्षे. जगभर सगळे एकाच दिवशी तेच पान वाचतात. जानेवारी २०२० मध्ये १४वे आवर्तन सुरू झाले. ते जून २०२७ मध्ये पुरे होईल. एकाच पानावर शेकडो शिऊर घरबसल्या ऐकता येतात. सनातनी आहेत, सुधारणावादी आहेत, पूर्वी या अध्ययनापासून दूर ठेवल्या गेलेल्या स्त्रियाही आता शिकवतात.

निवड करताना मी चार गोष्टी पाहतो. वक्ता ग्रंथ समोर ठेवतो का, की आठवणीतल्या गोष्टींवरच भागवतो? विचार ज्याचा त्याच्या नावाने सांगतो का? 'पिर्के अवोत'ने या सवयीला फार मोठे स्थान दिले आहे. ज्या मताशी तो सहमत नाही ते मत तो नीट मांडतो का? आणि श्रोत्याचा प्रश्न त्याला अडथळा वाटतो का? नेहामा लाइबोविट्झ (१९०५–१९९७) यांची कीर्ती यावरच उभी आहे. १९४२ पासून सुमारे तीस वर्षे त्या तोराच्या साप्ताहिक भागावर प्रश्नपत्रके काढत राहिल्या. सैनिक, गृहिणी, कामगार उत्तरे लिहून पाठवत, आणि त्या ती स्वतः तपासून परत करत. त्यांना १९५६ मध्ये इस्राएल पुरस्कार मिळाला; त्यांच्या कबरीवर मात्र त्यांच्या इच्छेनुसार नावापुढे एकच शब्द कोरलेला आहे : शिक्षिका.