आधी इंद्रियं, मग मेंदू

मेंदू, प्राण्यांची इंद्रियं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांवरची पुस्तकं आपण तीन वेगळ्या कपाटांत ठेवतो. मेंदूच्या कपाटाला मान मिळतो, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कपाटाभोवती गर्दी असते आणि प्राण्यांची रवानगी बालविभागात होते. हे मला कधीच पटलेलं नाही. उरलेल्या दोन्ही विषयांची मुळं प्राण्यांच्या कपाटात आहेत, आणि लेखनही तिथलंच सरस आहे.

मेंदूवरच्या पुस्तकांबद्दल फार सांगायला नको. ऑलिव्हर सॅक्सचं बायकोला टोपी समजणाऱ्या माणसाचं पुस्तक (१९८५) आणि रामचंद्रन यांचं ‘फँटम्स इन द ब्रेन’ (१९९८) दर्दी वाचकांच्या घरी असतंच. रामचंद्रन मला अधिक जवळचे, कारण नसलेल्या हाताच्या वेदनेवर ते खोक्यात एक साधा आरसा बसवून प्रयोग करतात. पुढची बरीचशी पुस्तकं रंगीत स्कॅनच्या चित्रांवर विसंबली आणि प्रयोगाची गोडी आटली.

ती गोडी अनुभवायची तर कार्ल फॉन फ्रिशकडे जावं. मधमाश्यांना रंग दिसत नाहीत, असा फॉन हेस या नामांकित नेत्रतज्ज्ञाचा दावा होता. फ्रिशने टेबलावर करड्या रंगाच्या फिकट ते गडद अशा सगळ्या छटांचे चौकोन मांडले, त्यांत एकच निळा ठेवला आणि साखरपाणी निळ्यावर दिलं. मग साखरपाणी काढून घेतलं, चौकोनांच्या जागा बदलल्या. माश्या तरी निळ्यावरच उतरल्या. माशीला फक्त उजेड-अंधारच कळत असता, तर एखाद्या करड्या छटेशी तिची गल्लत झाली असती. लाल चौकोनाच्या बाबतीत मात्र ती गडद करड्याशी खरोखरच झाली. लाल तिला दिसत नाही. पुठ्ठा, साखर आणि धीर, एवढ्या सामग्रीवर हा माणूस पुढे मधमाशीच्या नाचापर्यंत पोचला आणि १९७३ साली नोबेलचा वाटेकरी झाला.

वटवाघळाची कथा याहून लांब. १७९३ मध्ये पावियाच्या स्पालान्झानीला दिसलं की आंधळं केलेलं वटवाघूळही अडथळे चुकवत उडतं. जिनिव्हाच्या ज्युरीनने वटवाघळांचे कान बुजवले, तेव्हा ती आपटू लागली. उत्तर हाती आलं होतं. पण क्यूव्हिए या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने ही स्पर्शाची किमया असल्याचं ठरवलं आणि त्याच्या दबदब्याखाली कानांचा मुद्दा शतकभर मागे पडला. १९३८ मध्ये हार्वर्डचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन आपली वटवाघळं घेऊन पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या यंत्रापाशी गेला आणि माणसाला न ऐकू येणारे त्यांचे आवाज प्रथमच नोंदले गेले. ग्रिफिनचं ‘लिसनिंग इन द डार्क’ मला फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत मिळालं. वैज्ञानिकाला एखादी गोष्ट कशी कळते, हे मी त्या पुस्तकातून शिकलो.

आमच्या परिसंवादांत एक आक्षेप हमखास येतो: असली पुस्तकं मनोरंजक आहेत, पण बुद्धीच्या प्रश्नाशी त्यांचा काय संबंध? संबंध बेडकाच्या डोळ्यात आहे. १९५९ मध्ये लेटव्हिन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांनी दाखवून दिलं की बेडकाचा डोळा मेंदूला नुसतं चित्र पाठवत नाही. हलणारा छोटा काळा ठिपका तो आधीच निवडून काढतो. न हलणाऱ्या माश्यांच्या गराड्यात बेडूक उपाशी राहतो. यांतल्या मॅककलक आणि पिट्स या दोघांनीच १९४३ मध्ये चेतापेशीचं गणिती प्रारूप मांडलं होतं. १९५९ सालीच ह्युबेल आणि वीझल यांनी मांजराच्या मेंदूत ठरावीक कोनातल्या रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी नोंदवल्या. त्यावरून फुकुशिमाने १९८० मध्ये ‘निओकॉग्निट्रॉन’ हे कृत्रिम चेताजाळं बेतलं. छायाचित्रं ओळखणारी आजची यंत्रं त्याच घराण्यातली. बेडूक आणि मांजर वगळून कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास लिहिताच येत नाही, तरी दरवर्षी तो तसा लिहिला जातो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कपाटातलं जुनं लेखन भक्कम होतं. वायझेनबॉमने १९६६ मध्ये ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला, लोक त्यापुढे मन मोकळं करू लागलेले पाहून तो हादरला आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक लिहून वाद ओढवून घेतला. हल्लीची पुस्तकं नोकऱ्या किती जाणार हे सांगतात. यंत्र आत काय करतं, याला अर्धं पानही देत नाहीत. मराठीत तर अनेकदा कंपन्यांच्या प्रसिद्धिपत्रकांचंच रूपांतर छापलं जातं. ज्या भाषेत ‘सृष्टिज्ञान’ हे विज्ञानाचं मासिक १९२८ मध्ये सुरू झालं, तिथं हे पाहताना जीव तुटतो.

समाधान एवढंच की प्राण्यांचं मधलं कपाट अजून भरतं आहे. गॉडफ्री-स्मिथचं ‘अदर माइंड्स’ (२०१६) ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी निम्म्याहून अधिक बाहूंत का, या प्रश्नाशी झुंजतं. एड याँगचं ‘अ‍ॅन इमेन्स वर्ल्ड’ (२०२२) तर इंद्रियामागून इंद्रिय घेत जातं आणि प्रत्येक ठिकाणी संशोधकाच्या प्रयोगशाळेत नेऊन उभं करतं. कुणी प्रकाशक विचारेल तर मी आधी याँगचं नाव सांगेन आणि लगेच ग्रिफिनचं. भाषांतर मात्र फ्रिशचा प्रयोग स्वतः टेबलावर मांडून पाहील अशा माणसाकडेच द्यावं.