पानाआडची अळी आणि मुलांची नजर

चित्रांच्या पुस्तकात पांढरे अस्वल बर्फावर उभे असते, उंट वाळूत आणि हिरवा पोपट फांदीवर. बालवाडीतील मूल या जोड्या दोन दिवसांत पाठ करते, कागदावर रेघा ओढून त्या लावते आणि शाबासकी मिळवते. संध्याकाळी मात्र गॅलरीतील कढीपत्त्याच्या कुंडीजवळ खेळताना, वीतभर अंतरावर बसलेली हिरवी अळी त्याला दिसत नाही. प्राण्याचा रंग आणि त्याचे राहण्याचे ठिकाण यांचा संबंध त्याने पाठ केलेला असतो, पाहिलेला नसतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा विषय शिकवायचा असेल तर ध्रुवप्रदेशापासून आरंभ करण्याचे कारण नाही. कढीपत्त्याची ती कुंडी पुरेशी आहे.

कढीपत्ता आणि लिंबू या झाडांवर काही फुलपाखरे अंडी घालतात. त्यांतून निघालेली कोवळी अळी काळसर तपकिरी असते आणि तिच्या अंगावर पांढरट पट्टे असतात. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असेच पाहणाऱ्यास वाटते, आणि विष्ठा कोणता पक्षी खाईल? कात टाकत टाकत अळी मोठी होते. आता तेवढ्या आकाराची विष्ठा पानावर शोभणार नाही, म्हणून की काय, शेवटच्या अवस्थेत ती पानासारखी हिरवीगार होते. पुढे कोश तयार होतो, तोही हिरव्या पानांत लागला तर बहुधा हिरवा आणि वाळक्या काटकीवर लागला तर बहुधा तपकिरी. एकच जीव, एकच झाड आणि तीन वेषांतरे! दोन-तीन आठवड्यांत हे सारे मुलाच्या डोळ्यांदेखत घडते. अळीला डबीत भरून ठेवण्याची हौस मुलांना असते, ती मोडून काढावी. जागेवरून उचललेल्या अळीचा रंग कशाशी जुळतो, हे मग कसे कळणार? शिवाय चार पाने खाल्ल्याने कढीपत्ता मरत नाही.

स्वयंपाकघरातही हा पाठ नित्य चालू असतो. मेथी-पालक निवडताना, मटार सोलताना, कोबी-फ्लॉवरचा गड्डा उकलताना घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ज्या बारकाईने पाहतात ती नजर पिढ्यानपिढ्या जीवदयेसाठी कमावलेली आहे. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करण्यामागेही हीच जाण आहे. मूल शेजारी बसले असेल तर त्याला विचारावे : मेथीतली अळी हिरवी, कोबीच्या गड्ड्यातली फिकट हिरवी, पण धान्याच्या दाण्यात वाढणारी सोंडकिड्याची अळी पांढुरकी का? दाण्याच्या आत अंधार असतो. तिथे पाहणारे कोणी नाही, तर रंग कोणासाठी हवा? धान्याच्या व्यापारात वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पटकन समजतो.

कापडाचे दुकान असलेल्या घरात याहून सोपा खेळ करता येतो. हिरव्या छापील कापडाचा दोन-तीन मीटरचा तुकडा जमिनीवर अंथरावा. कात्रणांतून नखाएवढे वीस हिरवे आणि वीस लाल तुकडे कापून त्यावर विखरावेत. मुलाने पक्षी व्हावे आणि वीस अंक मोजेपर्यंत जेवढे दिसतील तेवढे तुकडे उचलावेत. मग उरलेले मोजावेत. लाल थोडे आणि हिरवे पुष्कळ उरतात. आता प्रत्येक उरलेल्या तुकड्याशेजारी त्याच रंगाचे एक ‘पिल्लू’ ठेवावे आणि खेळ पुन्हा खेळावा. तीन-चार फेऱ्यांत कापडावर जवळजवळ हिरवेच राज्य होते.

या खेळाची खरी गरज एका गैरसमजासाठी आहे. “अळीने लपायचे ठरवले आणि ती हिरवी झाली” असे मुले हमखास म्हणतात, आणि घाईत असलेले मोठेही तसेच सांगून टाकतात. अळी काहीच ठरवत नाही. ज्या दिसल्या त्या टिपल्या गेल्या, ज्या दिसल्या नाहीत त्यांचीच संतती पुढे आली. कापडावरील एकाही तुकड्याने आपला रंग बदललेला नसतो, हे मुलाने स्वतःच्या हातांनी मोजलेले असते. त्यामुळे निराळे स्पष्टीकरण देत बसावे लागत नाही.

थोड्या मोठ्या मुलांना इंग्लंडमधील एका पतंगाची हकीकत सांगावी. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके असलेला हा पतंग झाडाच्या सालीवर वाढलेल्या दगडफुलात मिसळून जाई. (मसाल्यात पडणारे दगडफूल मुलाच्या हातावर ठेवावे, करड्या रंगाची कल्पना लगेच येते.) गिरण्यांच्या धुराने दगडफूल मेले आणि झाडे काळवंडली. 1848 मध्ये मँचेस्टरला या पतंगाचा पूर्ण काळा प्रकार आढळल्याची नोंद झाली आणि 1895 पर्यंत तेथील सुमारे 98 टक्के पतंग काळे झाले होते. पुढे 1956 मध्ये तिथे हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला, धूर कमी झाला आणि फिकट पतंग पुन्हा वाढू लागले. ठिकाण बदलले की कालचा उपयोगी रंग आज घातक ठरतो, ही गोष्ट या एका उदाहरणात जेवढी स्पष्ट होते तेवढी दहा चित्रांत होत नाही.

चुणचुणीत मूल एक प्रश्न विचारतेच : वाघ भगवा आहे, जंगल हिरवे आहे, मग तो लपतो कसा? प्रश्न अगदी रास्त आहे. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यात दोनच. वाघाचा भगवा रंग आणि पानांचा हिरवा रंग यांतील फरक चितळाला जवळजवळ कळत नाही. त्यात ताडोब्यासारख्या जंगलात उन्हाळ्यात गवत वाळून पिवळे पडते आणि बांबूच्या सावल्या उभ्या पट्ट्यांसारख्या पडतात. रंग लपवतो की नाही हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असते, ही गोष्ट पुष्कळ पाठ्यपुस्तकांतून सुटलेली दिसते.

तसेच, प्रत्येक रंग लपण्यासाठीच असतो असा मुलाचा ग्रह होऊ देऊ नये. रस्त्याकडेच्या रुईवर काळे, पांढरे व पिवळे पट्टे असलेली अळी उघड्यावर निर्धास्त चरत असते. रुईचा विषारी चीक तिच्या अंगात भिनलेला असतो आणि तिचे पट्टे पक्ष्याला तसे बजावत असतात. मोर लपत नाही, तो मिरवतो. जमिनीवर अंडी उबवणारी लांडोर मात्र मातकट तपकिरी असते. सरड्याबद्दल तर भाषेनेच घोटाळा करून ठेवला आहे. विणीच्या काळात बागेतील नर सरड्याचा गळा लालभडक होतो, तो लपण्यासाठी नव्हे. मादीने पाहावे आणि दुसऱ्या नराने दूर राहावे म्हणून.

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहत असते तिथे खडीच्या मोकळ्या जागा असतात, आणि टिटवीला नेमक्या त्याच आवडतात. ती घरटे असे काही बांधत नाही. जमिनीवरच्या उथळ खळग्यात, चार खडे इकडेतिकडे करून, ती बहुधा चार अंडी घालते. मातकट करडा रंग आणि त्यावर काळपट ठिपके. हातभर अंतरावरूनही ते खडेच वाटतात. कोल्ह्यापासून आणि घारीपासून हा रंग वाचवतो, वाहनाच्या चाकापासून आणि भरभर चालणाऱ्या पावलापासून वाचवू शकत नाही. चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे असे ईर्या समिती सांगते; अशा जागी तिचा अर्थ लहान मुलालाही विचारावा लागत नाही.

मार्च ते ऑगस्ट हा टिटवीच्या विणीचा काळ. ती डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली की अंडी किंवा पिल्ले जवळच आहेत असे समजावे, मुलाला घेऊन आल्या वाटेने मागे फिरावे आणि बरेच दूर जाऊन शांत बसावे. काही वेळाने पक्षी चालत येतो आणि एका जागी बसतो. ती जागा शेजारच्या एखाद्या दगडाच्या किंवा झुडपाच्या खुणेने मुलाने लक्षात ठेवावी. टिटवी उठून थोडी बाजूला गेली की दुर्बिणीतून तिथेच पुन्हा पाहावे. अंडी त्याच जागी असतात. बहुतेक वेळा ती सापडत नाहीत.