उष्णतेविना बंद होणारं वेष्टन

राजगुरुनगरहून चाकणमार्गे तळेगावकडे निघालं की वाटेत इंदोरी लागतं. तिथे कॅडबरीचं चॉकलेट बनतं. चाकण पूर्वी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखलं जाई. माल बारदानात भरायचा, दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायचं, झालं पॅकिंग. चॉकलेटचं पॅकिंगही याहून फार पुढारलेलं नव्हतं. आत चांदी, वर कागदाची पट्टी. दोन्ही नुसती घडी घालून बसवलेली. आमची पिढी ती चांदी नखाने गुळगुळीत करून पुस्तकात ठेवायची. फाटू न देता ती काढता येत होती, म्हणजेच ती कुठे धड चिकटलेली नव्हती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ते ध्यानात आलं २००३च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर. मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुण्याच्या कारखान्यातला माल जप्त केला. दोष दुकानातल्या साठवणुकीचा, असं कंपनीचं म्हणणं. प्रशासनाचा रोख वेष्टनावरही होता. घडीच्या फटीतून कीड आत शिरू शकते हे तर उघडच होतं. २००४च्या जानेवारीत नवं वेष्टन आलं. चांदी उष्णतेने सीलबंद, तिच्यावर चहूबाजूंनी बंद प्लास्टिकचं आवरण. त्याच्या जाहिरातीला अमिताभ बच्चन. या उलथापालथीत जाहिरातीचीच चर्चा जास्त झाली. माझ्या मते खरा बदल वेष्टनातला होता: घडीचा जमाना संपला, सीलचा सुरू झाला.

पण सील करायचं म्हणजे तापवायचं, आणि चॉकलेटचं तिथेच वाकडं. कोकोचं लोणी चौतिशीच्या आसपासच्या तापमानाला वितळतं. प्लास्टिकची फिल्म जोडणारे जबडे शंभर अंशांच्या वर तापलेले असतात. लाइन धावत असेपर्यंत निभतं. ती अडली की जबड्यांपाशी अडकलेला माल मऊ पडतो, फिल्म आक्रसते. शिवाय उष्णता फिल्ममधून आत मुरायला क्षणभर वेळ लागतो, त्यामुळे वेग वाढवण्यालाही मर्यादा.

यावर जगभरच्या चॉकलेट आणि आइस्क्रीमवाल्यांनी धरलेली वाट म्हणजे कोल्ड सील. रबराचा चीक आणि ॲक्रिलिकसारखं रेझिन यांचं पाण्यातलं मिश्रण फिल्मच्या आतल्या बाजूला, फक्त जिथे जोड येणार त्या कडांवर, छपाईच्या सिलिंडरने लावतात आणि वाळवतात. थर दर चौरस मीटरला जेमतेम काही ग्रॅम. वाळल्यावर हात लावला तर तो हाताला जवळजवळ चिकटत नाही, चॉकलेटलाही नाही. तो चिकटतो फक्त स्वतःच्याच जातीला: दोन लेपलेल्या कडा समोरासमोर आणून दाबल्या की काम फत्ते. पाणी न लावता नुसतं दाबून बंद होणारं ऑफिसातलं पाकीट याच तत्त्वावर चालतं, आणि बँडेजच्या पट्टीचं दोन्हीकडे ओढून उघडायचं कागदी वेष्टनही बऱ्याचदा. गुंडाळलेल्या रोलमध्ये लेप फिल्मच्या पाठीला धरू नये म्हणून त्या बाजूला वेगळं लाखेसारखं आवरण देतात. जबडे थंड असल्यामुळे मशीन मिनिटाला शेकडो नग भरते, आणि थांबली तरी माल बिघडत नाही. गिऱ्हाईकाचाही एक फायदा आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: पुडा दातांनी फाडावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. चीक टिकवायला अमोनिया घालतात. लेप नीट वाळवला नाही तर वास राहतो, आणि चॉकलेट वास फार चटकन ओढून घेतं. काहींना रबरातल्या प्रथिनांची ॲलर्जी असते, म्हणून रबर नसलेले कृत्रिम पर्यायही निघाले. जोडात चुरा किंवा तूपकट थेंब आला की पकड गेलीच. आणि सर्वांत अडचणीचं म्हणजे, उष्णता टाळायला आणलेलं हे चिकटद्रव्य स्वतःच उष्णतेला घाबरतं. रोल थंड, अंधाऱ्या जागी ठेवायचा आणि साधारण सहा महिन्यांत वापरून टाकायचा, असा दंडक. चाकणच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गोदामात काय होतं ते वेगळं सांगायला नको. लेप आधी म्हातारा होतो, मग दाबूनही धरत नाही. स्वस्त पडतात म्हणून रोलची थप्पी लावून ठेवण्याची खरेदी खात्याची हौस इथे अंगाशी येते.

हा चीक येतो मुख्यतः केरळातून आणि आग्नेय आशियातून. आपल्याकडेही कोकणातल्या दोडामार्गात केरळहून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराचे मळे उभे केले आहेत, पण चॉकलेटच्या वेष्टनाशी त्यांचा संबंध जोडून पाहणारे विरळाच.

गेल्या काही वर्षांत हवा पुन्हा बदलली. मार्च २०१८मध्ये राज्याची प्लास्टिकबंदी आली, २०२२मध्ये वेष्टन परत गोळा करण्याची उत्पादकावरची जबाबदारी कडक करणारे केंद्राचे नियम. वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकत्र जोडलेली फिल्म पुन्हा वापरात आणणं कठीण, म्हणून एकाच प्लास्टिकची किंवा कागदाची वेष्टनं शोधली जाऊ लागली. नेस्लेने २०१९मध्ये युरोपात ‘येस!’ बार वेगवान मशीनवर कागदात गुंडाळून दाखवला. कागदातून उष्णता सावकाश जाते आणि कागद स्वतः वितळून चिकटत नाही, त्यामुळे थंड लेपाला तिथे नवं काम मिळालं. आपल्या पावसाळ्यात नुसता कागद ओल धरणार, म्हणून त्यावर अडथळ्याचा आणखी एक थर द्यावा लागतो. तो थर जितका जाड, तितका कागद पुन्हा लगद्यात घालणं अवघड. सध्या घोडं या जाडीपाशीच अडलं आहे.