पहिला माल फसला तर? दुसऱ्यांदा जन्मलेल्या एका गेमची गोष्ट



पहिलाच माल लोकांना आवडला नाही, तर धंदा बंद करायचा की तोच माल रेटत राहायचा? तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात हा प्रश्न असतो. आज उत्तर शोधू एका जपानी व्हिडिओ गेममध्ये. गेम खेळत नसाल तरी चालेल, धंद्याचं गणित तेच आहे.

स्क्वेअर एनिक्स कंपनीने सप्टेंबर २०१० मध्ये 'फायनल फँटसी १४' बाजारात आणला. हजारो लोक इंटरनेटवर एकत्र खेळतात, दर महिन्याला फी भरतात, असा हा गेम. नाव मोठं, पण गेम संथ आणि मेन्यू किचकट. गंमत म्हणजे, त्यातल्या साध्या फुलाच्या कुंडीवरही खेळाडूच्या पात्राइतकं बारीक काम केलेलं होतं! म्हणजे लोणच्याची चव बिघडलेली आणि खर्च मात्र बरणीच्या लेबलवर.

मग त्यांनी काय केलं?

१. चूक कबूल केली. डिसेंबर २०१० मध्ये जाहीर माफी मागितली, प्रमुख बदलला आणि जबाबदारी नाओकी योशिदा यांच्याकडे दिली. जानेवारी २०१२ उजाडेपर्यंत महिन्याची फी घेतली नाही.

२. दोन कामं सोबत केली. जुना गेम सुधारत राहिले, म्हणून उरलेलं गिऱ्हाईक टिकलं. दुसरीकडे नवा गेम पायापासून बांधायला घेतला.

३. जुनं व्यवस्थित बंद केलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुना गेम थांबवला. कथेतच ते जग उद्ध्वस्त झालेलं दाखवलं आणि जुन्या खेळाडूंना आपली पात्रं नव्या गेममध्ये नेता आली. अपयश लपवलं नाही, गोष्टीचा भाग केलं.

ऑगस्ट २०१३ मध्ये 'अ रेल्म रीबॉर्न' आला. इतकी गर्दी झाली की सर्व्हर पुरेनात. तेव्हा कंपनीने काही दिवस ऑनलाइन विक्रीच थांबवली. जे देता येत नाही, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, हे ते पहिल्या फटक्यात शिकले होते.

आता तुम्ही म्हणाल, "सर, त्यांच्याकडे पैसा होता, आपल्याकडे कुठे?" बरोबर आहे. तीन वर्षं तोटा सोसणं आपल्याला परवडणारं नाही. म्हणूनच पहिली खेप छोटी काढा. शंभर किलो मसाला करण्याआधी पाच किलो विका. पाच किलोची चूक खिशाला झेपते, शंभर किलोची कर्ज होऊन बसते.

या आठवड्याचा गृहपाठ: जे गिऱ्हाईक परत आलं नाही, अशा पाच जणांना फोन करा. "काय आवडलं नाही?" एवढंच विचारा. मध्ये बोलू नका, सफाई देऊ नका, फक्त वहीत लिहा. तुमच्या दुसऱ्या खेपेची सुरुवात त्याच पानावर होईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!