रांग ‘मोकळी’ करायची म्हणजे नेमके काय?

पिंपळनेर : उन्हाळ कांद्याच्या हंगामात साक्री तालुक्यातील पिंपळनेरच्या बाजारात कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. भावाचा किंवा पावसाच्या इशाऱ्याचा संदेशही शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचण्यापूर्वी बहुधा अशाच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या रांगेत थांबलेला असतो. संगणकाच्या भाषेत तिला ‘मेसेज क्यू’ म्हणतात. एकाच वेळी हजारो संदेश आले तरी पुढची यंत्रणा कोलमडू नये, यासाठी ही सोय असते. रॅबिटएमक्यू आणि ॲमेझॉनची एसक्यूएस ही तिची प्रचलित उदाहरणे होत.

या रांगांची देखभाल आजवर अभियंते करीत आले. आता त्यातील काही कामे एआय एजंटकडे सोपविली जात आहेत. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केल्यापासून एजंटच्या हाती अशी साधने, म्हणजे ‘टूल’, देणे सोपे झाले आहे. मात्र साधनाच्या आत काय चालते, हे एजंटला सहसा दिसत नाही. साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, एवढ्यावरच तो निर्णय घेतो. साहजिकच वर्णनातील एकेक शब्दाला मोल येते.

समजा, पिंपळनेर परिसरातील शेतकऱ्यांना अवकाळी पावसाचा इशारा देणारी एखादी सेवा आहे आणि तिची रांग तुंबली आहे. देखरेख करणारा कर्मचारी एजंटला सांगतो, ‘रांग मोकळी कर.’ एजंटपुढील एका साधनाचे वर्णन अवघ्या तीन शब्दांचे : ‘रांग मोकळी करते.’ एजंट तेच उचलतो. प्रत्यक्षात ते ‘पर्ज’ करणारे साधन निघाले, तर रांगेतील सारे संदेश पुसले जातात. एसक्यूएसमध्ये असे पुसलेले संदेश परत मिळत नाहीत. वर संगणक ‘काम यशस्वी’ असेच कळवितो! खळ्यावर कांदा उघडा पडलेल्या शेतकऱ्याला इशारा आलाच नाही, याची नोंद कोठेही नसते.

हेच वर्णन असे हवे होते : ‘या रांगेतील सर्व संदेश कायमचे पुसते. ते परत आणता येत नाहीत. तुंबलेली रांग पुढे सरकविण्यासाठी हे वापरू नये. माणसाची स्पष्ट परवानगी असेल तरच वापरावे.’ साधन काय करते याइतकेच ते कधी वापरू नये, हेही येथे लिहिले आहे. अनेक वर्णनांत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

निरुपद्रवी भासणारे साधनही फसवू शकते. ‘रांगेतील संदेश दाखविते’ असे वाचून कोणालाही वाटेल, की नुसते पाहिल्याने काय बिघडणार? पण एसक्यूएसमध्ये संदेश घेतला, की तो काही काळ इतरांपासून दडविला जातो. ही मुदत वेगळी ठरविली नसेल तर ३० सेकंदांची असते. तेवढ्यात तो पुसला नाही, तर पुन्हा रांगेत दिसू लागतो. संदेश किती वेळा उचलला गेला, याचीही मोजदाद होते. ही संख्या ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की संदेशाची रवानगी बिघडलेल्या संदेशांसाठी राखलेल्या ‘डेड लेटर क्यू’मध्ये होऊ शकते. म्हणजे एजंटने कुतूहलापोटी चार-पाचदा डोकावावे आणि धडधाकट संदेश बाद व्हावा! हे सारे वर्णनात यायला हवे. रांगेतील संदेशांची संख्याही अंदाजे मिळते. त्यामुळे शून्य आकडा दिसताच रांग रिकामी समजू नये, ही सूचनाही तितकीच आवश्यक.

मराठीतून आज्ञा देताना आणखी एक पेच पडतो. ‘संदेश काढ’ म्हणजे वाचण्यासाठी बाहेर काढ, की काढून टाक? म्हणून वर्णनात क्रियापदाबरोबरच परिणामही लिहावा : वापरानंतर संदेश रांगेत राहतो की नाही?

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन ‘केवळ वाचणारे’ आहे की ‘विध्वंसक’, अशी खूण करण्याची सोय मार्च २०२५ च्या आवृत्तीत आली. पण ती केवळ सूचना आहे, कुलूप नव्हे. पुसण्याचा अधिकार एजंटच्या खात्याला मुळातच न देणे, हे कुलूप वेगळे लावावे लागते.

महाराष्ट्र शासनाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केले असून, शेतीविषयक सल्ल्यात एआयचा वापर वाढविण्यावर त्यात भर आहे. अशा सेवांच्या रांगा एजंटकडे सोपविण्यापूर्वी एक साधी चाचणी घेता येते. खोट्या संदेशांची रांग तयार करावी, ‘मोकळी कर’, ‘साफ कर’, ‘पुढे ढकल’ अशा रोजच्या बोलीतील आज्ञा द्याव्यात आणि एजंट प्रत्येक वेळी कोणते साधन उचलतो, ते पाहावे. चुकीचे उचलले, तर प्रथम वर्णन तपासावे.