अभ्यासक्रम आपला, परीक्षक कुणाचे?

पूररेषेच्या आत माणसे पुन्हा पुन्हा घरे का बांधतात? या प्रश्नाला जलविज्ञान लागते, मानसशास्त्र लागते आणि जमीन महसुलाचा इतिहासही. तिन्ही शिकवणारा विभाग मात्र सहसा सापडत नाही. अशा प्रश्नांसाठी आंतरविद्याशाखीय पीएचडी असते. स्वयंनिर्देशित पीएचडीत त्यापुढे जाऊन अभ्यासक्रमही विद्यार्थीच आखतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ‘युनियन’ या संस्थेने ही कल्पना पार टोकाला नेली. प्रयोगशील महाविद्यालयांच्या संघातून 1964 मध्ये ती उभी राहिली आणि काही वर्षांनी तिने पीएचडीही सुरू केली. येणारे बहुतेक नोकरी-व्यवसायातले प्रौढ. त्यांना विद्यार्थी न म्हणता ‘लर्नर’ म्हणत. ठरावीक पेपर नव्हते. काय वाचणार, कुणाकडे शिकणार, शेवटी काय सादर करणार, याचा करार लर्नरने लिहून द्यायचा. प्रबंधाऐवजी ललित कृती किंवा सामाजिक प्रकल्पही चालत असे. समितीत संस्थेच्या प्राध्यापकांबरोबर लर्नरने निवडलेले बाहेरचे तज्ज्ञ असत, शिवाय सहाध्यायीही.

मेख इथेच होती. विषय नवा असला की तो जाणणारे थोडेच, आणि त्यांना निवडणार उमेदवारच! जिथे समिती कडक, तिथे काम कसदार होई. जिथे ती भिडस्त, तिथे पदवी स्वस्त होण्याचा धोका. 2002 मध्ये ओहायोच्या उच्चशिक्षण मंडळाने या पीएचडीच्या दर्जावर कडक टीका केली. त्यानंतर कार्यक्रमाची फेररचना झाली, मोकळीक आटली. पुढे आर्थिक ओढाताणीत 2024 मध्ये संस्थाच बंद पडली.

शिकागो विद्यापीठाच्या ‘कमिटी ऑन सोशल थॉट’ने 1941 पासून वेगळी वाट धरली आहे. तिथे डझनभर अभिजात ग्रंथांची यादी विद्यार्थी स्वतः करतो, पण त्यावरची लेखी परीक्षा प्राध्यापक घेतात. निवड एकाची, कसोटी दुसऱ्याची. ही विभागणी जास्त टिकाऊ ठरली.

भारतात इतकी मुभा नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्क करावा लागतो आणि दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. दुसऱ्या विभागातला किंवा संस्थेतला सहमार्गदर्शक मात्र घेता येतो. तो घेतल्यास दोन्ही मार्गदर्शकांना सुरुवातीलाच एकत्र बसवून पद्धत कोणती आणि पुरावा कशाला म्हणायचे, हे लेखी ठरवून घ्यावे. प्रबंध हातावेगळा होताना उपटणारे बहुतेक वाद याच दोन मुद्द्यांवरचे असतात.